गुरुवारीच बंद पडणारा कॉम्प्युटर

वर्शात्स गावच्या विणकाम गिरणीत पर्सिदा एर्देल्यान यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पर्सामावशींचे हात मात्र थांबले नाहीत. त्यांच्या इमारतीत एक घर असं सापडणार नाही, ज्यात त्यांनी विणलेलं काही नाही. टीव्हीवर जाळीचा रुमाल, फ्रिजवर जाळीचा रुमाल, टेलिफोनला कुंची. तळमजल्यावरच्या गोयकोच्या मोटारसायकलच्या आसनालाही लोकरी खोळ आहे. ती काढायची त्याची हिंमत नाही, कारण मावशी खिडकीतून बघत असतात.

वय चौऱ्याऐंशी. बांधा लहान, आवाज मोठा. नवरा जाऊन बराच काळ लोटला. घरात त्या आणि त्यांचा मुलगा झिवोयिन, म्हणजे झिका. हा मुलगाही आता पेन्शनीत आहे. रेल्वेत तो गाड्यांचं वेळापत्रक आखायचा. लग्न त्याने केलं नाही. मावशींच्या मते, त्या गाडीची वेळ ठरवता ठरवता ती निघून गेली.

झिका रोज जेवण झालं की कोट चढवतो आणि पेन्शनरांच्या क्लबात जातो. संध्याकाळी परततो. या मधल्या वेळात पर्सामावशींची दुपार असते. दाट कॉफी, रेडिओवरची मालिका आणि एक सिगारेट. सिगारेट झिकाने बंद केलेली आहे, असं झिकाला वाटतं.

एका हिवाळ्यात झिका क्लबात कुणाशी तरी भांडला आणि वसंत येईपर्यंत घरीच बसला. मावशींच्या आयुष्यात दोन राजवटी उलटल्या, एक देश नकाशावरून गेला, पण वाईट काळ कोणता, असं विचारलं तर त्या तोच हिवाळा सांगतात. झिकाने मसाल्याच्या बरण्या नावांच्या क्रमाने लावल्या. घेवडा कधी भिजायचा, कधी चुलीवर चढायचा, कधी उतरायचा, याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. घेवडा उशिरा शिजला की तो दारात उभा राहून घड्याळ बघायचा.

म्हणून यंदा घरी बसायची भाषा पुन्हा कानावर आली, तेव्हा मावशींच्या हातातली सुई थबकली.

झालं होतं असं. क्लबाच्या बुद्धिबळ संघात पहिला पट झिकाचा. खिडकीजवळची खुर्ची, गावोगावच्या सामन्यांत पुढे बसायचा मान, सगळं त्या पटाबरोबर येतं. यंदा तो कोस्ता व्हेल्यिन याने मागितला. कोस्ता पूर्वी शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवायचा आणि अजूनही माणसांना ओळीत उभं करतो. एकच निर्णायक डाव ठरला. जिंकेल त्याचा पट.

झिका घरी येऊन म्हणाला, "आई, पट गेला तर मी त्या क्लबात पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवतो."

"मग जाशील कुठे?"

"जायचं कशाला? घरीच बसेन. तुला मदत करेन."

मावशींनी उठून फ्रिजचा दरवाजा उगाच उघडला आणि बंद केला. वेळापत्रकाच्या चिकटपट्टीचे डाग अजून तिथे आहेत.

डाव क्लबात खेळायचा तर अडचण होती. गुरुवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावर लोकनृत्याच्या मंडळाचा सराव असतो. मागच्या वर्षी कोलो हा फेराचा नाच रंगात आला आणि एका पटावरचा घोडा कुणी हात न लावता शेजारच्या घरात गेला. त्यावरून जे झालं, ते पंचांना पुन्हा नको होतं. तेव्हा दोघांनी आपापल्या घरून, कॉम्प्युटरवर खेळावं, असं ठरलं. नियम मात्र क्लबाचे जुनेच. त्यातला एक नियम वीज रोज जायची त्या वर्षांतला आहे: डाव चालू असताना वीज गेली, तर डाव रद्द, पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटर बंद पडला तर त्यालाही हाच नियम, असं पंचांनी जाहीर केलं. कुणी हरकत घेतली नाही. कोस्तानेही नाही, आणि ते त्याला पुढे फार लागलं.

पहिल्या गुरुवारी झिका खेळायला बसला. बैठकीच्या खोलीत टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरची पेटी, पेटीला लागून मावशींची आरामखुर्ची. मावशी हिरवं जाकीट विणत होत्या. झिकाचा एक उंट गेला, पाठोपाठ एक हत्ती अडचणीत आला. मग माउस अडखळायला लागला, पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठला आणि थोड्या वेळाने सगळं काळं झालं. झिकाने कळ दाबली. यंत्र सुरू झालं, दम लागल्यासारखं घरघरलं आणि पुन्हा मेलं.

डाव रद्द.

दुसऱ्या गुरुवारी तसंच. तिसऱ्या गुरुवारी कोस्ताचा वजीर झिकाच्या राजाच्या दाराशी येऊन उभा होता, आणि पडदा काळा. या वेळी फोन वाजला.

"झिका, तुझं यंत्र फारच हळवं आहे रे," कोस्ता म्हणाला. "तुझी सोंगटी मेली की त्याला घेरी येते."

"तांत्रिक बिघाड आहे."

"बिघाड आहे हे मलाही दिसतंय. तो पेटीत आहे की खुर्चीत, एवढंच बघायचं राहिलंय."

"तू मला लबाड म्हणतोयस?"

"मी तुला आजारी यंत्राचा मालक म्हणतोय. डॉक्टर आण. पुढच्या गुरुवारनंतर गोयकोने क्लबात येऊन रोग काय ते सांगायचं. नाही सांगता आला तर पट माझा. पंचांशी बोललोय."

झिका हादरला. लबाडी तो करत नव्हता. त्याने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. पेटीला दोन थापा मारल्या होत्या, वायरी काढून परत लावल्या होत्या, तिला विटांवर चढवलं होतं. एकदा तर गाडी रुळावरून घसरल्यावर अधिकारी जसा बघतो, तसा नुसता तिच्यासमोर उभा राहिला होता. बाकीचे दिवस तीच पेटी निमूट चालायची. दिवसभर डोंगरातल्या आगगाड्यांच्या फिती बघितल्या तरी हूं की चूं नाही.

गोयको आला. पूर्वी तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो. दारातच मावशींनी त्याला सपाता दिल्या, कारण या घरात मोज्यांवर कुणी चालत नाही. मग बशीत चमचाभर अक्रोडाचा मुरंबा आणि पेलाभर पाणी. ते संपल्याशिवाय पेटीला हात लावू देणार नव्हत्या.

"आधी गोठतो आणि मग बंद पडतो, की एकदम बंद पडतो?" गोयकोने विचारलं.

"आधी गोठतो," झिका म्हणाला.

"लगेच परत चालू केला तर?"

"थोडा चालतो, पुन्हा पडतो. अर्ध्या तासाने केला तर ठणठणीत."

"मग तापतोय. आतला मेंदू फार तापला की यंत्र स्वतःला वाचवायला झोपी जातं. पंखा चालत नसेल, नाहीतर धूळ."

त्याने पेटी उघडली. धूळ निघाली, पण ज्यावर दोष ढकलावा एवढी नाही. त्याने ती फुंकून साफ केली. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. पंखे सगळे फिरत होते. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत बसवल्या. वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला. पेटी तळमजल्यावर आपल्या दुकानात नेली आणि तिला दिवसभर जड काम दिलं, शेजारच्या पडद्यावर तापमानाचा आकडा लावून. आकडा चढला, एका जागी थांबला, तिथेच राहिला. यंत्र चालत राहिलं.

"निरोगी आहे," पेटी परत आणून तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त जगेल."

गुरुवारी झिका खेळायला बसला. आधी चांगलं चाललं होतं. मग त्याने घोडा घाईने पुढे टाकला, कोस्ताने तो उचलला, आणि थोड्या वेळात पडदा काळा झाला. झिका तसाच सपाता घालून जिना उतरला.

गोयको धावत आला. पेटीवर हात ठेवला आणि मागे घेतला. नुकती भट्टीतून काढल्यासारखी ती तापली होती. मावशी खुर्चीत विणत होत्या. खोलीत हालचाल अशी काही नव्हती. खिडक्या बंद, खिडकीच्या फटींत कापडाच्या गुंडाळ्या, दाराखाली वाळू भरलेली लोकरी वळकटी. बाहेर कोशावा हा इथला बोचरा वारा सुटला होता आणि रस्त्यावरचे दिवे हलत होते. आत पडद्याची झालरसुद्धा हलत नव्हती.

गोयको हातात टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर बसून पेटीमागे गेला. ज्या जाळीतून पंखा गरम हवा बाहेर टाकतो, तिथे त्याला लोकरीचा एक धागा दिसला. हिरवा. त्याने तो चिमटीत धरला, जाकिटाकडे पाहिलं, मग मावशींच्या पायांकडे. उजवा पाय सपातेत होता. डावी सपात रिकामी होती, पाय नुसताच जमिनीवर, आणि खुर्चीखाली हिरव्या लोकरीची जाड चौकोनी गादी पडलेली. तिच्यावर जाळीचा ठसा स्पष्ट उठला होता.

"झिका," गोयको म्हणाला, "दुकानातून माझी टॉर्च घेऊन ये."

"तुझ्या हातात काय आहे?"

"दुसरी आण. मोठी."

झिका गेला. गोयको मावशींसमोर स्टूल ओढून बसला.

"मावशी, हे काय?"

"झोत येतो," मावशी विणत विणत म्हणाल्या. "त्या भोकातून. थेट घोट्यावर."

"गरम हवा आहे ती."

"गरम असली म्हणून झोत नाही का? तुझ्या आईला विचार."

झोताने मान धरते, कंबर गारठते, दात ठणकतात, हे वर्शात्समध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. गोयकोची आई उन्हाळ्यातही बसच्या खिडक्या लावून घेते आणि अनोळखी माणसं तिचे आभार मानतात. या विषयावर वाद घालणं त्याला शिकवलेलंच नव्हतं. पण यंत्रांच्या धंद्यात राहून त्याला एक खोड लागली होती: बिघाड कधी होतो, हे तो बघायचा.

"बरं, झोत येतो," तो म्हणाला. "आज सकाळी यंत्र चालू होतं. तेव्हा गादी नव्हती लावली?"

"नाही."

"काल?"

"नाही."

"म्हणजे झोत फक्त गुरुवारीच येतो?"

मावशींनी सुई बदलली. "गुरुवारी तो हरत असतो."

"तुम्हाला बुद्धिबळ कळतं?"

"मला त्याचे कान कळतात. लहानपणापासून, हरायला लागला की कान लाल होतात. मी तो पट कशाला बघू? कान लाल झाले की पाय लांब करते."

गोयकोने तोंडावर हात धरला. मावशींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"हसू नकोस, गाढवा. हा घरी बसला तर तुझ्याकडेही येणार आहे. तुझे स्क्रू आकाराच्या क्रमाने लावून ठेवेल. किती वाजता उघडतोस, किती वाजता नाही, सगळं दारावर चिकटवेल. हवंय?"

गोयकोचं हसू गेलं. तेवढ्यात झिका टॉर्च घेऊन आला. गोयकोने ती घेतली आणि पेटीच्या मागे बराच वेळ प्रकाश पाडला, कारण काय बोलावं हे त्याला ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लबात सगळे जमले. दरवाज्याजवळ पत्ते खेळणारेसुद्धा पत्ते उपडे ठेवून आले.

"रोग सापडला का?" कोस्ताने विचारलं.

"सापडला. यंत्र निरोगी आहे. हवा बाहेर जायची वाट बंद होत होती, म्हणून तापत होतं. पर्सामावशी वाट बंद करत होत्या."

कोस्ता टाळी वाजवून उठला. "म्हटलं नव्हतं मी? आईला कामाला लावलंय!"

झिकाचा चेहरा पांढरा पडला. त्याला हे आत्ताच कळत होतं.

"कारण," गोयको पुढे म्हणाला, "तिथून त्यांच्या पायावर झोत यायचा."

खोलीतल्या सगळ्या माना गोयकोकडे वळल्या.

"थेट पायावर?" पंचांनी विचारलं.

"घोट्यावर. पंख्याचा."

"चौऱ्याऐंशीच्या बाईच्या?" मागून कुणीतरी म्हणालं. "आणि यंत्र कुठे ठेवलंय बघा, तिच्या खुर्चीला चिकटून! झिका, तुला लाज नाही वाटत?"

कोस्ता अजून उभा होता. त्याच्याकडून काही तरी अपेक्षित होतं. पण कोस्ता स्वतः एकदा बसस्थानकावर दोन उघड्या दारांच्या मध्ये उभा राहिला होता आणि त्याची कंबर इतकी धरली होती की त्याला तिथून आडवं न्यावं लागलं. त्याने खुर्चीची पाठ चाचपली आणि बसला.

"झोत म्हटल्यावर मी काय बोलू," तो म्हणाला. "माणूस आहे मी. पण आता पेटीची पाठ भिंतीकडे करा, मध्ये हातभर जागा सोडा, आणि मावशींना स्वयंपाकघरात बसवा. त्यांच्याच तब्येतीसाठी."

ठराव एकमताने झाला. झिकाने घरी येऊन आईची माफी मागितली. मावशींनी ती दिली.

मात्र त्या रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरातून पाय कितीही लांब केला तरी पोचणार नव्हता. आणि विचार करता करता त्यांना दिसलं की प्रश्न झिकाच्या हरण्यापुरता नाही. समजा झिका जिंकला. मग कोस्ता क्लब सोडेल. तोही त्याच मातीचा. कोस्ता नसेल तर झिका भांडणार कुणाशी? दोन आठवडे खिडकीजवळच्या खुर्चीत बसेल, कंटाळेल आणि घरी येईल. मावशींनी दोन्ही बाजूंनी हिशोब लावून पाहिला. दोन्हीकडून झिका स्वयंपाकघरातच येत होता.

रविवारी त्यांनी भोपळ्याची पिता, म्हणजे पातळ पापुद्र्यांची भाजलेली गुंडाळी, केली, टोपलीत घातली आणि कोस्ताच्या बायकोकडे, स्मिल्याकडे गेल्या. घरात कोस्ता नव्हता. दोघी कॉफी पीत बसल्या.

"कसा आहे ग तुझा?" मावशींनी विचारलं.

"काय सांगू, मावशी. हरलो तर क्लब सोडणार म्हणतो. सकाळी मला बाल्कनीत व्यायाम शिकवणार म्हणतो. शिट्टी शोधून काढलीय."

"शिट्टी?"

"शाळेतली."

मावशींनी मान हलवली. बरण्या आणि शिट्टी यांत अधिक वाईट काय, याचा दोघींनी थोडा वेळ विचार केला.

"तुमचा कॉम्प्युटर कुठे असतो?" मावशी म्हणाल्या.

"टेबलाखाली. मी शेजारीच इस्त्री करते."

"झोत नाही येत?"

स्मिल्याने मावशींकडे पाहिलं. मावशींनी टोपलीतली पिता बाहेर काढली. खाली हिरवी लोकरी गादी होती.

"जाड आहे," मावशी म्हणाल्या. "एकदम लावायची नाही. त्याचं काय लाल होतं ते आधी बघून ठेव."

"मान," स्मिल्या म्हणाली. "मागून."

पुढच्या गुरुवारी झिका खेळायला बसला. पेटी भिंतीपासून हातभर पुढे, पाठ उघडी, पंखा मोकळा. मावशी स्वयंपाकघरात मिरच्या निवडत होत्या. दार लोटलेलं होतं, पण कान आत होते. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग झिका गुणगुणायला लागला. वेळेवर गाडी सोडल्यावर तो असंच गुणगुणायचा. गुणगुण वाढली, तिचं गाणं झालं, आणि मग खुर्ची धाडकन मागे सरकली.

"गेला!" झिका ओरडला. "आई, कोस्ताचं यंत्र गेलं! दोन खेळींत मात होती!"

"अरेरे," मावशी म्हणाल्या.

"पण माझं यंत्र तर चालू आहे!"

"तुझं गोयकोने दुरुस्त केलंय ना."

डाव रद्द. पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी कोस्ताने गोयकोला बोलावलं. गोयकोने सपाता घातल्या, मुरंबा खाल्ला, पेटी उघडली, पुसली, आणि मग वाकून मागच्या जाळीकडे पाहिलं. तिथे एक हिरवा धागा होता. स्मिल्या इस्त्री करत होती. तिने इस्त्री वर उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"काय झालंय याला?" कोस्ताने विचारलं.

गोयकोने धागा खिशात टाकला. "वय," तो म्हणाला. "कधी चालेल, कधी नाही. गुरुवारी जपा."

वसंत आला, उन्हाळा तोंडावर आला, डाव अजून लागलेला नाही. पंचांनी तो पुढच्या मोसमात ढकलला आहे. झिका आणि कोस्ता रोज दुपारी क्लबात समोरासमोर बसतात आणि कोणता डाव खरा कुणाचा होता, यावर भांडतात. रविवारीसुद्धा जातात. झिका आता थोडा लवकरच निघतो, कारण कोस्ता आधी पोचला तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो.

परवा गोयको दुकानाबाहेर मोटारसायकल पुसत होता. झिका कोटाची बटणं लावत रस्त्याच्या कोपऱ्यावर वळला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज झाला, मग मागच्या अंगणाकडची दुसरी. कोशावा एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडायला लागला. पडदे रस्त्यावर फडफडत होते, जाळीचा एक रुमाल उडत येऊन मोटारसायकलच्या दांड्यावर अडकला.

गोयकोने वर पाहिलं. मावशी दोन खिडक्यांच्या बरोबर मध्ये, भर झोतात, आरामखुर्चीत बसल्या होत्या. पाय स्टुलावर, रेडिओ चालू, हातात सिगारेट. धूर आरपार निघून जात होता.

"मावशी, झोत!" तो ओरडला.

"गुरुवार आहे का आज?" वरून आवाज आला. "रुमाल तेवढा वर आणून दे."